उशिरा पोहोचलेल्या कष्टाचा हिशेब



आरंभीच एक प्रश्न आपणापुढे ठेवतो. एखाद्याने प्रामाणिकपणे कष्ट केले, कामात कसूर केली नाही, परंतु त्याच्या कष्टाचे फळ ठरलेल्या क्षणापेक्षा दोन-तीन सेकंद उशिरा पोहोचले. तर त्या कष्टाचे मोल उरते की नाही? आणि उरत नसेल, तर ते हरवलेले मोल कोणाच्या पदरात पडते?

हा प्रश्न मला कोणत्या ग्रंथात सापडला नाही. गेल्या वर्षी रमजानच्या थोडे आधी कर्जतच्या आमच्या मशिदीत इशाच्या नमाजनंतर दोन चुलतभाऊ माझ्यापाशी येऊन बसले, त्यांनी तो आणला. त्यांची नावे येथे देत नाही. थोरला व धाकटा असेच म्हणू.

२०१४ साली हे दोघे पुण्याच्या एका उपनगरात खोली भाड्याने घेऊन राहात होते. डिप्लोमा झालेला, नोकरी नवी, आणि नव्या गोष्टींची हौस मोठी. दोघांनी आपापल्या पैशाने बिटकॉइन मिळवणारे एकेक यंत्र घेतले. दोन यंत्रे दोन वेगवेगळ्या कंपन्यांची होती. तोंडी ठरले की, जे मिळेल ते अर्धे-अर्धे. साधारण सात महिने यंत्रे चालली. पुढे मिळकत आटली, यंत्रे भंगारात गेली, आणि जे थोडेसे जमले होते त्याची किल्ली थोरल्याकडे राहिली. त्या वेळी ती रक्कम क्षुल्लक होती. आज तिच्यातून आमच्या तालुक्यात शेताचा बरा तुकडा घेता येईल.

वाटणीची वेळ आली तेव्हा थोरल्याने एक वही पुढे केली. तो त्या काळी रोजचे आकडे उतरून ठेवीत असे. वहीप्रमाणे त्याच्या यंत्राची कार्यक्षमता १०६ टक्के होती आणि धाकट्याच्या यंत्राची ८२ टक्के. तो म्हणाला, “मौलाना, वही खोटी बोलत नाही. ज्याचे काम जितके मान्य झाले, तितका त्याचा वाटा.” धाकटा म्हणाला, “माझेही यंत्र रात्रंदिवस चालत होते, भाई. तितकीच वीज जाळत होते. उशीर यंत्राने केला, मी नाही.”

मी दोघांना आठ दिवसांची मुदत मागितली. कारण निवाडा देण्यापूर्वी हे काम समजून घेणे मला भाग होते. जे समजले ते आपल्यालाही सांगतो, कारण त्यावाचून पुढचा नैतिक प्रश्न उलगडणार नाही.

यंत्र काय करते?

बिटकॉइन जानेवारी २००९ मध्ये सुरू झाले. ही एक जगभर पसरलेली खातेवही आहे. तिच्यात सरासरी दर दहा मिनिटांनी एक नवे पान जोडले जाते. पान जोडण्याचा मान मिळवण्यासाठी यंत्रे एका आकड्याचा शोध घेतात. त्यात बुद्धीचा भाग नाही. अंदाजामागून अंदाज लावीत जायचे, आणि एखादा अंदाज कसोटीला उतरला की पान जोडायचे. ज्याचा अंदाज लागला त्याला नवी नाणी पारितोषिक म्हणून मिळतात. आरंभी एका पानाला ५० नाणी मिळत. दर चार वर्षांच्या सुमारास हा आकडा निम्मा होत गेला, आणि एप्रिल २०२४ पासून तो ३.१२५ आहे.

पूर्वी घरच्या संगणकावर हे काम होई. पुढे याच एका कामासाठी घडवलेल्या चिपांची यंत्रे आली. अंदाज लावण्याखेरीज त्यांना दुसरे काही येत नाही, पण ते काम ती अफाट वेगाने करतात. यंत्रे जशी वाढली तशी कसोटीही कठीण केली जाते. म्हणून एकट्या छोट्या यंत्राला एक पान मिळण्यास अनेक वर्षेही लागू शकतात, आणि कदाचित ते कधीच मिळणार नाही. यावर उपाय म्हणून २०१० च्या अखेरीस गटपद्धत आली. हजारो जण एकत्र येतात, कोणाचाही अंदाज लागला तरी पारितोषिक सर्वांत वाटले जाते. कोणी किती कष्ट केले हे ठरवण्यासाठी प्रत्येक यंत्र मधूनमधून सोप्या कसोटीला उतरलेला एखादा अंदाज गटाकडे सादर करते. त्याला ‘हिस्सा’ म्हणू. जितके हिस्से, तितका वाटा.

फिक्हच्या विद्यार्थ्याला हे वाचताना बद्रची एक हकीकत आठवल्यावाचून राहणार नाही. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) सांगतात की, ते, हजरत अम्मार (रजि.) आणि हजरत सअद (रजि.) यांनी त्या दिवशी जे हाती येईल त्यात भागीदारी ठरवली होती. हजरत सअद (रजि.) दोन कैदी घेऊन आले, उरलेल्या दोघांच्या हाती काहीच लागले नाही. नशिबाचा चढउतार आपसांत वाटून घेण्याची कल्पना इतकी जुनी आहे.

मध्यस्थावरचा विश्वास

गट म्हटला की हिशेब ठेवणारा आला. तो हिस्से मोजतो, पारितोषिक आधी त्याच्या हाती पडते आणि मग तो वाटतो. म्हणजे सर्वांची अमानत एकाच्या हाती. जून २०१४ मध्ये जीहॅश नावाच्या एका गटाकडे जगातील निम्म्याहून अधिक ताकद एकवटली, तेव्हा या क्षेत्रातील लोक हादरले. कारण ज्याच्याकडे निम्म्याहून अधिक ताकद, तो खातेवहीच्या ताज्या नोंदी फिरवू शकतो.

आपल्या महाराष्ट्राने याहून कडू अनुभव घेतला आहे. गेनबिटकॉइन या योजनेने बिटकॉइनच्या उत्खननाचे नाव पुढे करून गुंतवणूकदारांना दरमहा १० टक्के दराने १८ महिने परतावा देण्याचे वचन दिले. लोकांनी यंत्र पाहिले नाही, वही पाहिली नाही; शब्दावर पैसे दिले. परतावा थांबला, तेव्हा पुण्यासह अनेक ठिकाणी गुन्हे दाखल झाले. योजनेचा प्रमुख अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी, तपासात पोलिसांना साहाय्य करण्यासाठी नेमलेल्या दोन तज्ज्ञांनाच जप्त चलनाच्या अपहाराच्या आरोपावरून अटक झाली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील या गुन्ह्यांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला. आरोप सिद्ध होणे न होणे हे न्यायालयाचे काम आहे. परंतु ज्याने राखायचे त्याच्याच हाताकडे बोट दाखवले जावे, ही अमानतीच्या बाबतीतली सर्वांत दुःखद अवस्था होय.

कुरआन या मानवी दुर्बलतेची जाणीव आपल्याला आधीच करून देते. सूरह सादमध्ये हजरत दाऊद (अ.) यांच्या मुखातून हेच येते की, भागीदारांपैकी पुष्कळजण एकमेकांवर अन्याय करतात, ईमान राखणारे व सत्कर्मे करणारे तेवढे यातून सुटतात, आणि असे लोक थोडेच.

मग काहींनी विचार केला: मध्यस्थच नको. २०११ मध्ये फॉरेस्ट व्हॉइट या तरुणाने ‘पीटूपूल’ नावाची पद्धत तयार केली. तीत हिशेबनीस नाही. सर्व सभासदांच्या संगणकांवर हिश्श्यांची एक सामाईक वही असते, आणि पारितोषिक कोणा एकाच्या हाती न येता थेट सर्वांच्या नावे वाटले जाते. चोरी करायला कोणाच्या हाती काही राहतच नाही. आमच्या दोन भावांनी हाच मार्ग निवडला होता. “कोणावर विश्वास ठेवावा लागू नये म्हणून,” असे थोरला म्हणाला.

तीन सेकंदांची किंमत

परंतु मध्यस्थ गेला की त्याचे ओझे कोणाला तरी वाहावे लागते. ते कसे, हे आमच्या भागातील उदाहरणाने सांगतो.

कर्जत तालुक्यात दुष्काळ जुना आहे, म्हणून दुधाचा जोडधंदा घरोघरी आहे. गावात संकलन केंद्र असते, पहाटे कॅन जमतात, फॅट तपासली जाते, स्लिप मिळते आणि टँकर निघून जातो. आता समजा, टँकर दिवसातून दोनदा न येता दर अर्ध्या तासाला येऊ लागला, आणि नियम असा झाला की, प्रत्येक टँकरसाठी धार नव्याने काढायची. मागचे दूध पुढच्या टँकरमध्ये चालणार नाही. केंद्राजवळ ज्याचा गोठा आहे त्याचे फारसे बिघडणार नाही. लांबच्या वस्तीवरून सायकलला कॅन अडकवून येणाऱ्याचे दूध मात्र दर फेरीला थोडेथोडे वाया जाईल. त्याची गाय तितकेच दूध देते, तो तितकाच पहाटे उठतो. फरक इतकाच की, फेऱ्या वाढल्या आणि प्रत्येक फेरीला त्याचा उशीर नव्याने मोजला गेला.

पीटूपूलमध्ये हेच घडत असे. मोठ्या गटात यंत्राला जुने काम टाकून नवे हाती घेण्याची सक्ती सरासरी दहा मिनिटांनी, म्हणजे ६०० सेकंदांनी होते. पीटूपूलच्या सामाईक वहीत मात्र नवा हिस्सा साधारण ३० सेकंदांनी जोडला जाई, आणि तो जोडला गेला की जगभरच्या सर्व सभासदांनी हातातले काम सोडून नवे घ्यावयाचे. या खास यंत्रांची अडचण येथे उघडी पडली. ती अंदाज लावण्यात पटाईत, पण काही यंत्रे पुढच्या कामाची रास आपल्या पोटात आधीच भरून ठेवीत. नवा आदेश आला तरी ती रास संपेपर्यंत जुनेच काम रेटीत राहात. एखाद्या यंत्राला वळायला ३ सेकंद लागत असतील, तर ६०० सेकंदांत ते अर्धा टक्का गमावते. ३० सेकंदांत तेच यंत्र १० टक्के गमावते. यंत्र तेच, वीज तीच, उष्णता तीच. मोजण्याची पद्धत बदलली आणि तोटा वीसपट झाला. उशिरा पोहोचलेल्या अशा हिश्श्याला ‘शिळा’ म्हणत, आणि शिळा हिस्सा वहीत धरला जात नसे.

याहून सूक्ष्म गोष्ट पुढे आहे. थोरल्याच्या वहीतील १०६ हा आकडा मला प्रथम कळेना. शंभरातील शंभरापेक्षा अधिक काम कोणते यंत्र करील? उत्तर असे की, ही कार्यक्षमता स्वतःच्या कष्टाची नसून शेजाऱ्याच्या तुलनेतली आहे. सबंध गटाचे शंभरातील १५ हिस्से शिळे ठरत असतील आणि थोरल्याचे १० च ठरत असतील, तर त्याचे ९० गटाच्या ८५ शी ताडून पाहिले जातात: १०६. धाकट्याचे ३० शिळे ठरले, म्हणजे ७० ला ८५ शी ताडले: ८२. पारितोषिक एकूण तेवढेच असल्यामुळे मंद यंत्राने जे गमावले तेच वेगवान यंत्राच्या पदरी पडले. वरचे ६ टक्के आकाशातून पडलेले नाहीत. ते कोणाच्या तरी शिळ्या ठरलेल्या कष्टांतून आलेले आहेत.

आणि आणखी एक. गटाच्या वहीत शिळा ठरलेला अंदाज बिटकॉइनच्या मूळ, कठीण कसोटीला उतरला, तर तो टाकून दिला जात नसे. गट त्याचा उपयोग करून पारितोषिक मिळवी, आणि ते वहीतील आधीच्या नोंदींप्रमाणे सर्वांत वाटले जाई. म्हणजे मंद यंत्राचे रोजचे कष्ट शिळे. पण त्याच कष्टांतून घबाड निघाले तर ते सर्वांचे!

हा निसर्गनियम नाही

वेगवान तो जिंकतो, मंद तो हरतो, यात अन्याय कसला, असे कोणी विचारील. मीही विचारले. परंतु ३० सेकंद हा आकडा सूर्यचंद्राच्या गतीसारखा ठरलेला नव्हता. माणसांनी तो निवडला. फेऱ्या जलद ठेवल्या तर लहान यंत्रांना वारंवार हिस्से मिळतात, म्हणून तो लहान ठेवला गेला. हेतू चांगलाच होता. पण त्याचा भार कोणत्या खांद्यावर पडेल, हे आकडा निवडताना दिसले नाही.

भार वेगळ्या रीतीने वाटता येतो, याचाही पुरावा आहे. मोनेरो या दुसऱ्या चलनासाठी २०२१ मध्ये मध्यस्थाविना चालणारी अशीच गटपद्धत निघाली. तिथे काम साध्या संगणकांवर चालते. तीत थोडा उशिरा आलेला हिस्सा फेकून देत नाहीत. त्याला साखळीचा ‘काका’ मानतात आणि काही कपात करून हिशेबात धरतात. चुलतभावांच्या भांडणात काका आलेला पाहून मला हसू आले; पण बोध स्पष्ट होता. उशिराला थोडा दंड असू शकतो, कष्ट शून्य धरण्याची गरज नसते.

आमच्या कुकडीच्या कालव्याचेच पाहा. जुन्नर तालुक्यातील येडगाव धरणातून सुटलेले आवर्तन पारनेर, श्रीगोंदा ओलांडून कर्जतकडे येते. वाटेत पाणी झिरपते, वाफ होते. कालवा सर्वांसाठी आहे, पण त्याची गळती शेपटाकडच्या शेतकऱ्याच्या वाट्याला येते. टेलकडून हेडकडे पाणी द्या, अशी मागणी तो करतो तेव्हा तो भीक मागत नसतो. व्यवस्थेचा तोटा व्यवस्थेतील सर्वांनी वाटून घ्यावा, एवढेच तो म्हणतो. इस्लामी विधिशास्त्रातील एक प्रसिद्ध सूत्र याच अर्थाचे आहे: लाभ ज्याचा, त्याच्याच शिरी जोखीमही. मध्यस्थ नसण्याचा लाभ सर्व सभासद घेत असतील, तर त्याची किंमत एकट्या मंद यंत्राने का भरावी?

शरीअतच्या आरशात

आता दोन भावांकडे वळू. क्रिप्टो चलन वैध की अवैध, यात विद्वानांचे एकमत नाही. इजिप्तच्या प्रमुख मुफ्तींनी जानेवारी २०१८ मध्ये बिटकॉइनच्या विरोधात फतवा दिला. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने नोव्हेंबर २०२१ मध्ये चलन म्हणून त्याचा वापर हराम ठरवला. तर अन्य काही विद्वान त्यास एक प्रकारची मालमत्ता मानतात. तो वाद या लेखाचा विषय नाही आणि मी मुफ्ती नाही. त्या मुद्द्यासह दोघांचा प्रश्न मी माझ्या उस्तादांमार्फत दारुल-इफ्ताकडे पाठवला. येथे मांडतो तो त्यामागील विचार.

कष्टाचा मोबदला शरीअतमध्ये एकाच तत्त्वाने ठरत नाही. जो आपला वेळ मालकाच्या स्वाधीन करतो, त्याला अजीर-ए-खास म्हणतात. तो हजर राहिला की मजुरीचा हक्कदार झाला, मालकाने काम दिले नाही तरीही. शिंप्यासारखा जो अनेकांचे काम घेतो, त्याची मजुरी काम झाल्यावर ठरते. तिसरा प्रकार जुआला, म्हणजे कार्यसिद्धीवर लावलेले बक्षीस. सूरह यूसुफमध्ये राजाचे हरवलेले पात्र आणून देणाऱ्यास उंटभर धान्य देण्याची घोषणा येते, तिचा आधार घेऊन शाफई, मालिकी व हंबली विद्वान हा करार मान्य करतात. त्यात शोधणारा दिवसभर हिंडला आणि पात्र सापडले नाही, तर त्यास काहीच मिळत नाही, आणि त्यात अन्यायही नाही. कारण अट आधीच ठाऊक होती.

पीटूपूल आणि त्याचे सभासद यांचे नाते या तिसऱ्या प्रकाराच्या जवळचे आहे. शिळा हिस्सा धरला जाणार नाही ही अट उघड होती. म्हणून गटाविरुद्ध धाकट्याची तक्रार कायद्याने टिकणार नाही, नैतिक प्रश्न मात्र उरतो.

पण भाऊ आणि भाऊ यांच्यातला करार वेगळा होता. ते परस्परांचे भागीदार होते. हनफी फिक्हमध्ये दोन शिंपी एकत्र काम घेतात आणि नफा अर्धा-अर्धा ठरवतात. एक आजारी पडला, काही दिवस सुई दुसऱ्यानेच चालवली, तरी ठरलेला वाटा दोघांना मिळतो. कारण काम स्वीकारताना दोघेही ग्राहकाला बांधील झाले होते. याला ‘जमान’ म्हणतात. मराठीचा विद्यार्थी म्हणून मला या शब्दाचे अगत्य वाटते, कारण आपला ‘जामीन’ याच मुळातून आलेला आहे. भागीदार हा एकमेकांच्या दुबळ्या दिवसांचा जामीन असतो. हे उदाहरण येथे जसेच्या तसे लागू होत नाही, हेही मान्य केले पाहिजे. रानातील लाकूड गोळा करण्यासारख्या कामात हनफी विद्वान अशी भागीदारी मानत नाहीत, तर हंबली विद्वान बद्रच्या त्या हकीकतीवरून मानतात. आणि यंत्राचे अंदाज शिवणकामासारखे की सरपणासारखे, यावर विचार करण्यास जागा आहे.

उस्तादांकडून आलेल्या उत्तराचा सार असा होता की, दोघांनी यंत्रांतील फरक माहीत झाल्यावरही सात महिने ठरलेला करार मोडला नाही, वही लिहिणाऱ्याने तेव्हा तोंड उघडले नाही. म्हणून आपसांत समझोता करून अर्धे-अर्धे घेणे हेच सुरक्षित व न्याय्य. भाव वाढल्यावर जुन्या वहीचा आधार घेणे शोभत नाही. थोरल्याने मान खाली घातली आणि मान्य केले. अल्लाह त्याला याचा मोबदला देवो.

वहीत नसलेला हिशेब

गोष्ट येथे संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. निरोप घेताना मी सहज विचारले, “दोन यंत्रे रात्रंदिवस चालली, मग विजेचे बिल कोणी भरले?”

दोघे एकमेकांकडे पाहू लागले. खोलीचे भाडे वीजबिलासह होते. प्रत्येक यंत्र सुमारे ३५० वॅट घेत असे. म्हणजे दोघांचे दिवसाला जवळपास १७ युनिट, महिन्याला ५०० च्या घरात. घरमालकाने दोन तरुणांचा एक दिवा, एक पंखा आणि मोबाइल धरून भाडे ठरवले होते.

“त्यांना सांगितले होते?”

“नाही, मौलाना. बिल का वाढते म्हणून त्यांनी वायरमन बोलावला होता. आम्ही गप्प राहिलो.”

अकरा वर्षे हे दोघे तीन सेकंदांच्या उशिरावर विचार करीत होते. एकाने आकडे जपून ठेवले, दुसऱ्याने सल जपून ठेवली. ज्याच्या पैशाने ही सारी कार्यक्षमता निर्माण झाली तो मनुष्य दोघांच्याही वहीत नव्हता. जगातील ती अत्यंत पारदर्शक, कोणालाही खोडता न येणारी खातेवही त्याच्याविषयी मुकी होती. कारण तिला कोणी विचारलेच नव्हते.

मी दोघांना पुण्याला जाण्यास सांगितले. घरमालक हयात होते, वृद्ध झाले होते. दोघांनी सारे सांगितले, क्षमा मागितली आणि सात महिन्यांच्या विजेचे पैसे पुढे ठेवले. वृद्ध गृहस्थ बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले की, त्या वर्षी त्यांचा संशय तळमजल्यावरच्या भाडेकरूवर गेला होता. तो कपड्यांना इस्त्री करून देण्याचा धंदा करी. त्याने चोरून तार जोडली असेल असे वाटून त्यांनी त्याला खोली सोडायला लावली. बायको-मुलांसह तो कोठे गेला, हे कोणाला ठाऊक नाही.

धाकट्याने मला हे फोनवर सांगितले तेव्हा त्याला पुढे बोलता येईना. भाऊ आजही त्या माणसाच्या शोधात आहेत. सापडला नाही, तर त्याच्या नावाने सदका करावा, असे फिक्ह सांगते. आणि त्याने कयामतच्या दिवशी हक्क मागितला तर काय, याचे उत्तर कोणताही इमाम देऊ शकत नाही.

आपल्यासाठी बोध

वाचकहो, कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल्-बकराची २८२ वी, व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लेखक न्यायाने लिहिणारा असावा, साक्षीदार असावेत, व्यवहार लहान म्हणून लिहिण्याचा कंटाळा करू नये, हे सारे तीत आहे. म्हणून चोख वही ठेवण्याची धडपड, मग ती कागदावर असो वा यंत्रावर, इस्लामला परकी नाही. परंतु हीच आयत लिहिण्याची आज्ञा देताना पुन्हापुन्हा अल्लाहचे भय बाळगण्यास सांगते. वही आणि ईशभय ही दोन्ही लागतात. वही जे तिच्यात घातले तेच सांगते. काय घालायचे राहिले, हे ईशभयच सांगते.

दोन्ही भावांनी विश्वासाची गरज पडू नये अशी पद्धत शोधली. हिशेबनिसाने फसवू नये याची पक्की तजवीज त्यांनी केली. आपण कोणाला फसवू नये, याची तजवीज कोणत्याच यंत्रात नव्हती. अमानत माणसाच्या खांद्यावरून उतरवून यंत्राच्या खांद्यावर ठेवता येत नाही.

म्हणून कोणी आपल्याला कार्यक्षमतेचा आकडा दाखवील, मग तो यंत्राचा असो, कारखान्याचा असो, शाळेचा असो वा आपल्याच दुकानाचा, तेव्हा दोन प्रश्न विचारावेत. हा आकडा कोणाच्या तुलनेत काढला? आणि याची किंमत जो भरतो आहे, त्याचे नाव या वहीत आहे काय? सूरह अल्-मुतफ्फिफीनमध्ये घेताना भरून घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांना जो कठोर इशारा आहे, तो केवळ तराजूच्या दांडीपुरता नाही. माप ठरवणारा प्रत्येक हात त्यात येतो.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. माणसांच्या वहीत कष्ट शिळे होतात. अल्लाहच्या दरबारात कोणत्याही कर्म करणाऱ्याचे कर्म वाया जात नाही, असे तो स्वतः सांगतो. सत्कर्माचा निश्चय केला आणि ते घडू शकले नाही, तरी पूर्ण पुण्य लिहिले जाते, अशी शुभवार्ता प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी दिली आहे. तेथे उशीर यंत्राचा की माणसाचा, हे जाणणारा स्वतः हिशेब घेणार आहे.

पण त्याच प्रेषितांनी (सल्ल.) आपल्या समुदायातील खऱ्या दिवाळखोराचीही ओळख करून दिली आहे. तो नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल. परंतु कोणाचा माल खाल्लेला असेल, कोणावर आळ घेतलेला असेल, आणि त्याची पुण्ये एकेक करून त्या हक्कदारांना देऊन टाकली जातील. त्याचे प्रत्येक कर्म मान्य झालेले, वेळेवर पोहोचलेले, शंभर टक्के कार्यक्षम; आणि तरी शेवटी हात रिकामे.

त्या रिकाम्या हातांची मला भीती वाटते, आणि तो इस्त्रीवाला मला अधूनमधून आठवतो. आपल्याही जुन्या वह्या एकदा उघडून पाहाव्यात. लिहिलेले आकडे ताडून झाले की, जे लिहिलेच नाही त्यावर थोडा वेळ थांबावे. हक्कदार जिवंत आहे, पत्ता ठाऊक आहे, तोवरच ते फेडणे सोपे असते.

अल्लाह आपणा सर्वांना मापात न्यायी, भागीदारीत प्रामाणिक आणि दुसऱ्याचा हक्क वेळेवर पोहोचवणारे बनवो. आमीन.